उदबत्ती झाल्यावर मशीन लावा

आमच्या जिल्ह्यात वीज तयार होते, म्हणून ती आमच्याकडे टिकत नाही. आमच्या कोळशावर दूरदूरच्या शहरांतल्या लिफ्टा वरखाली होत आणि आम्ही चंद्रपूरच्या भर बाजारात, मे महिन्याच्या दुपारी, बंद पंख्याखाली बसून वर्तमानपत्रानं वारा घेत असू. भारनियमन हा शब्द कोणी शोधला मला माहीत नाही, पण माणूस हुशार असला पाहिजे. आपल्याला काही मिळत नाही याला नियम म्हणायचं सहजी सुचत नाही.

याला अपवाद ऊर्जानगरचा. वीज केंद्रात काम करणाऱ्यांची ही वसाहत. माझे वडील तिथं ऑपरेटर होते आणि आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचे ठिपके पडत, पण लाईट जात नसे. माझं सगळं बालपण या समजुतीत गेलं की लाईट जाणं ही बाहेरच्या लोकांची एक वाईट सवय आहे. पुढे बाजारात धंदा टाकला तेव्हा ती सवय मलाही लागली.

धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. माझा भागीदार माझ्याच वर्गातला. त्याच्या वडिलांचं, म्हणजे चाचांचं, रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान होतं. नव्वदचं दशक संपता संपता लोकांनी रेडिओ आणायचं बंद केलं, तेव्हा अर्ध्या दुकानात आम्ही कॉम्प्युटर मांडले. उरलेल्या अर्ध्यात चाचा कोणाचा तरी शेवटचा रेडिओ उघडून बसलेले असत. आम्ही काय करतो ते त्यांना कळत असे, आवडत मात्र नसे. जे उघडून दुरुस्त करता येत नाही ते बिघडायलाच नको, असं त्यांचं मत होतं.

आम्ही वर्षाचे करार करायचो. मूलची राइस मिल, गडचिरोलीतली एक लॅब, अहेरीचं मेडिकल स्टोअर, आणि पार सिरोंच्याला गोदावरीच्या काठी मिरचीचा आणि धानाचा व्यापार करणारे एक शेठ. करार असा की ठरलेल्या दिवशी एसटीनं जायचं, मशीन तपासायचं, बिघाड असेल तर काढायचा. बिघाड नसेल तर मोठी पंचाईत. तेव्हा डबा उघडून ब्लोअरनं धूळ उडवायची. धूळ उडालेली दिसली की ग्राहकाला करार पावला असं वाटे, मग चहा येई. धुळीच्या बाबतीत चंद्रपूर आणि गडचिरोली हे आमचे दोन्ही जिल्हे उदार आहेत, त्यामुळे आमचं चांगलं चाललं होतं.

मग अहेरीच्या मेडिकलवाल्यांचं मशीन जळलं. लाईट गेली होती, ती परत आली ती जरा जास्तच आली. त्यांचा सगळा हिशेब, सगळी उधारी त्या मशीनबरोबर गेली. भागीदार तिथं जाऊन परत आला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बे, धूळ उडवून काई फायदा नाई. सगळ्यायच्या कामाची एक कॉपी आपल्यापाशी पाहिजे."

विचार उत्तम होता. अडचण एवढीच होती की आमच्यापाशी लाईट नव्हती. आणि लाईट कुठं आहे ते मला माहीत होतं.

अशा रीतीनं जिल्ह्यातलं बहुधा पहिलं डेटा सेंटर ऊर्जानगरात, माझ्या आईच्या स्वयंपाकघरात, कणकेच्या डब्याशेजारी सुरू झालं. समोरच्या खोलीत ठेवायला बाबांनी साफ नकार दिला, कारण क्वार्टरमध्ये धंदा करायला मनाई होती आणि बाबा मनाईला घाबरत. स्वयंपाकघरात मात्र त्यांचं काही चालत नसे. फोनची वायर तिथपर्यंत ओढली. रोज संध्याकाळी ग्राहकांची मशीनं एकेक करून आमच्या घरच्या फोनवर फोन लावत आणि दिवसभरात जे काही नवं लिहिलं गेलं असेल ते आमच्याकडे पाठवत. ते जाताना मोडेममधून किंचाळल्यासारखा आवाज येई आणि सर्व्हरच्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुके. त्या वेळात चुकून कोणा नातेवाइकानं फोन केला आणि आईनं उचलायला उशीर केला तर मोडेमच उचलत असे. माझ्या मावशीची बराच काळ अशी समजूत होती की आमच्याकडे संध्याकाळी भांडणं होतात.

पुढं आम्ही हे सगळं उचलून दूरच्या एका कंपनीच्या मशीनवर नेलं, ज्याला आता सगळे क्लाऊड म्हणतात. त्या बदलात आमच्याकडची एकच नोकरी गेली, आणि ती माझ्या आईची. तिला पगार नव्हता, हजेरी नव्हती, त्यामुळे नोकरी गेल्याचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मी हे लिहितोय ते त्या नोकरीबद्दल.

नोकरी अशी होती. कोणाचं मशीन कोणाच्या मागून येणार हे तिला पाठ होतं. कणीक मळता मळता ती दिव्याकडे बघायची. आपल्या पाळीला कोणी आलं नाही तर हात धुऊन, मोडेम बाजूला करून, स्वतः फोन लावायची. मशीन न येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असे आणि ते आम्हीच निर्माण केलेलं होतं. आमच्याकडे दिवेलागणीला दुकानदार गल्ल्याला उदबत्ती ओवाळतो. गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर आला तेव्हा त्यालाही ओवाळू लागले, अगदी जवळ नेऊन, धूर आत जाईल असा. आम्ही प्रत्येक भेटीत सांगायचो की ओवाळायचं तर आधी मशीन बंद करा, फडकं घाला, मग ओवाळा. आमचं इतर काही कोणी ऐकलं नाही, हे मात्र सगळ्यांनी ऐकलं. अगदी सिरोंच्याच्या शेठचे मुनीमसुद्धा मशीन बंद करून, फडकं घालून, उदबत्ती ओवाळून, हात जोडून घरी निघायचे. देवाला झोपवल्यावर पुन्हा उठवायचं कशाला, असा त्यांचा हिशेब.

मग आईचा फोन जायचा. "काऊन हो भाऊ, आज तुमचा लाईट नाई लागला. उदबत्ती झाली असन त लावा ना मशीन." आणि मग तिथंच न थांबता, "पोरीचा पेपर कसा गेला?"

अहेरीच्या मेडिकलवाल्यांची मुलगी दहावीला होती. मूलच्या मिलमालकांच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. लॅबवाल्या बाईंना दुसरं लेकरू हवं होतं आणि नवऱ्याला नको होतं. हे सगळं आमच्या सर्व्हरवर नव्हतं, आईकडे होतं. भागीदार तिला म्हणायचा, "काकू, फोनवर कामाचं तेवढंच बोलत जा ना, लाइन मोकळी पाहिजे." ती म्हणायची, "कामाचंच त बोलून राह्यली."

शेठशी तर तिची भाषाही जुळत नव्हती. ते घरात तेलुगू बोलत, आमच्याशी हिंदी आणि मराठी एकत्र कालवून. पण आई कुठल्याही माणसाकडून दोनचार शब्द उचलते. थोड्याच दिवसांत ती फोनवर "बागुन्नारा?" म्हणून त्यांची खुशाली विचारायला लागली, आणि "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का. तिच्या ओळखीचे सगळे तेलुगू शब्द प्रश्न होते. उत्तरं ती मराठीत ऐकायची.

एकदा शेठ कोर्टाच्या कामाला चंद्रपूरला आले आणि दुकानात येऊन म्हणाले, "मेरा सामान दाखवा." आम्ही म्हटलं, कसलं सामान? तर त्यांचा डेटा. तो कुठं ठेवलाय ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. दाखवण्यासारखं त्यात काही नसतं हे मी समजावत बसलो, भागीदारानं मात्र सरळ त्यांना स्कूटरवर घालून ऊर्जानगरला नेलं. आईनं त्यांना पाटवड्या वाढल्या. जेवण झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन डब्यावर हात ठेवला. डबा गरम होता. त्यांना ते फार आवडलं. "अम्मा, इथं कोण येत जात नाही ना?" एवढंच विचारलं आणि गेले. पुढच्या महिन्यात सिरोंच्याचे आणखी काही व्यापारी आमच्याकडे आले. त्यांना कराराची कलमं वगैरे ऐकायची नव्हती. "ऊर्जानगरच्या अम्माकडे" सामान ठेवायचं होतं.

एकदा वसाहतीच्या ऑफिसातले एक साहेब क्वार्टर तपासायला आले. बाबा पांढरेफटक. आईनं डब्यावर विणलेला रुमाल टाकला, वर फुलदाणी ठेवली. रुमालातून हिरवा दिवा लुकलुकत होता. साहेबांनी विचारलं, हे काय? आई म्हणाली, "स्टॅबिलायझर." ज्या वसाहतीत लाईट कधी हललीसुद्धा नव्हती तिथं स्टॅबिलायझर कशाला, असा प्रश्न साहेबांना पडला असेल. पण समोर पाटवडी आली होती.

ही व्यवस्था बाबांच्या निवृत्तीपर्यंत चालली. निवृत्ती येणार हे बाबांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आम्हाला मात्र ती अचानक आल्यासारखी वाटली. क्वार्टर सोडायचं होतं. बाबांनी गावाबाहेर, एका नव्या लेआऊटमध्ये घर बांधलं होतं. तिथं रस्ता आखलेला होता, खांब उभे होते आणि शेजारी म्हणून मोकळे प्लॉट होते. लाईट बाजारापेक्षाही जास्त जायची. सर्व्हर तिथं ठेवणं शक्य नव्हतं.

त्याच सुमारास नागपूरच्या एका हॉटेलात आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांसाठी एक सभा होती. आम्ही दोघं गेलो. टाय लावलेल्या एका तरुणानं सांगितलं की आता मशीन विकत घेऊ नका, सांभाळू नका. दूरच्या मोठ्या कंपन्यांकडे हवी तेवढी जागा भाड्यानं मिळते, वापराल तेवढंच भाडं. तुम्ही ती ग्राहकाला तुमच्या नावानं द्या. आधी स्वतःचं काम तिथं हलवा, मग एखादा लहान ग्राहक, मग बाकीचे. कोण कशाला जबाबदार ते लिहून घ्या. आणि लक्षात ठेवा, तो म्हणाला, तुम्ही मशीन विकत नाही, तुम्ही निश्चिंती विकता. हॉटेलात लाईट होती, एसी होता, त्यामुळे आम्हाला ते पटलं. जेवणही बरं होतं.

आम्ही त्यानं सांगितलं तसंच केलं. आधी दुकानाचा हिशेब हलवला, मग लॅब, मग मिल. सिरोंच्याला ब्रॉडबँड पोचलं होतं, रडतखडत का होईना. मी करार घेऊन शेठकडे गेलो. त्यांनी विचारलं, आता सामान कुठं? मी म्हटलं, दूर, फार मोठ्या मशीनवर. उधर कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही, तोच तर फायदा आहे. त्यांना त्यात फायदा दिसला नाही. मग त्यांनी करार शेवटून वाचायला घेतला, कारण व्यापारी माणूस करार तसाच वाचतो. शेवटी लिहिलं होतं की आग, पूर, युद्ध आणि दैवी कोप यांना कंपनी जबाबदार नाही. शेठनी खिडकीतून गोदावरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईनं सांगितलं की पूर तिकडचा धरायचा, इकडचा नाही. त्यांचं मन मानेना. अखेर ते म्हणाले, "अम्माला माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. ते खरं होतं, आम्ही तिला सांगितलं होतं. मग त्यांनी सही केली. त्यांची सही झाली म्हणजे सिरोंच्याची सगळी गिऱ्हाइकं आली, आणि ते फिरले तर सगळीच जाणार, हे मला एसटीत बसल्यावर लख्ख दिसलं.

क्वार्टर सोडायच्या आधी सर्व्हर बंद करायला आम्ही दोघं घरी गेलो. आई ओल्या फडक्यानं डबा पुसत होती. इतक्या वर्षांत तो तिनं एकदाही बंद केला नव्हता. बहिणीच्या मुलाच्या लग्नाला ब्रह्मपुरीला गेली तेव्हासुद्धा संध्याकाळच्या आत परत आली होती. मी बटण दाबलं. आतला पंखा हळूहळू थांबला.

"मंग आता मी काय करू?" आईनं विचारलं.

"आराम कर," मी म्हटलं. "आता कुठंही जा. मावशीकडे राहा आठ दिवस."

भागीदारानंही भर घातली, "काकू, तुमची सुट्टी झाली आता."

तिनं फडकं पिळून वाळत घातलं. आम्हाला वाटलं खूश झाली. डिस्क काढून घेतल्यावर डबा रिकामा झाला, तो भंगारात द्यायचा होता. आईनं दिला नाही. सामानाच्या ट्रकमध्ये तो तिनं स्वतःच्या मांडीवर घेऊन नेला, आणि नव्या घरी समोरच्या खोलीत ठेवून त्यावर रुमाल घातला आणि रुमालावर फोन ठेवला. लपवायचं कारण उरलं नव्हतं, तेव्हा कुठं त्याला समोरच्या खोलीत जागा मिळाली.

नवी सेवा झकास चालू लागली. दुकानदारांच्या कामात व्यत्यय नको म्हणून सगळा डेटा पाठवायची वेळ आम्ही दुकानं आवरल्यानंतरची ठेवली, संध्याकाळी सातपासून नऊपर्यंत; त्या वेळात मशीन चालू असलं की झालं. दूरची कंपनी रोज सकाळी इंग्रजीत ईमेल पाठवून कोणाचं किती आलं ते कळवायची. त्या ईमेलची आमच्या कामाच्या पत्रांत गर्दी व्हायला लागली, म्हणून त्या आपोआप वेगळ्या जागी जाऊन पडतील अशी सोय मी करून दिली. सोय उत्तम झाली. पुन्हा त्या कधी दिसल्या नाहीत. भागीदार नव्या ग्राहकांना म्हणायचा, "आमच्यात आता माणसाचा हात लागतच नाही."

घरी मी रात्री जेवायला तेवढा जायचो. बाबांचं सगळं आयुष्य यंत्रांच्या आवाजात गेलेलं, त्यांना ऐकू कमी यायचं. ते टीव्ही मोठ्यानं लावून बसत. एकदा ताट वाढताना आई मला म्हणाली, "तिन्नारा?" आणि स्वतःच हसली. मीही हसलो. जुनी सवय, म्हटलं.

मग एका पावसाळ्यात गोदावरी सिरोंच्याच्या बाजारात शिरली. दुपारी कोणीतरी दुकानात येऊन सांगितलं की शेठचं गोदाम बुडालं, दुकानात कमरेएवढं पाणी आहे, कॉम्प्युटर, कपाटं, सगळं पाण्याखाली. शेठ माणसांसह वरच्या मजल्यावर सुखरूप होते. आम्ही हळहळलो, आणि खरं सांगायचं तर थोडे खूशही झालो. इतके दिवस जे विकत होतो ते आता कामी येणार होतं. भागीदार चाचांना सांगत होता की मशीन गेलं तर गेलं, शेठचा कागद अन् कागद दूर सुरक्षित आहे.

चाचांनी रेडिओतून मान वर न काढता विचारलं, "मशीन शाम को चालू रहता था क्या उसका?"

ते फक्त बोलायचं म्हणून बोलले असावेत. पण भागीदार माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. सात वाजता. दिवेलागण. मशीन बंद करा, फडकं घाला, मग ओवाळा. आम्हीच सांगितलं होतं, प्रत्येक भेटीत, वर्षानुवर्षं. सातनंतर सिरोंच्यात एकही मशीन चालू नसणार. सिरोंच्यात कशाला, मूलला, गडचिरोलीला, अहेरीला, कुठंच नसणार. म्हणजे दूरच्या त्या मोठ्या मशीनवर आमच्या लोकांसाठी ऐसपैस जागा होती आणि त्या जागेत काहीच नव्हतं. 

बघून घ्यायला क्षणभर पुरला असता, पण लाईट नव्हती. दूरची कंपनी जागी होती, तिचा एसी चालू होता, तिचं आकाश निरभ्र होतं, आणि आम्ही चंद्रपूरच्या बाजारात भारनियमनाची वेळ संपायची वाट बघत बसलो होतो. वेगळ्या जागी पडलेल्या त्या ईमेलमध्ये सगळं लिहिलेलं असणार होतं, आणि त्यासुद्धा उघडता येत नव्हत्या. भागीदार एकदाच बोलला. "शेठ गेले त सगळे गेले. अहेरीचं मशीन जळलं तवा मी त्यायच्या तोंडाकडे पाहू नाई शकलो बे. आता पुन्हा नाई पाहत कोणाच्या तोंडाकडे. दुकान बंद करून टाकू." चाचांनी चहा मागवला, तो तसाच निवला.

लाईट आली. मी शेठचं नाव उघडलं. सगळं होतं. पाणी शिरलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं, एकही दिवस न चुकता. मग लॅब उघडली, मिल उघडली, मेडिकल उघडलं. सगळ्यांचं होतं. फक्त वेळ सातची नव्हती. साडेसात, पावणेआठ, आठ, अशी एकामागून एक, जशी पूर्वी क्वार्टरवर यायची तशी.

भागीदारानं टेबलावर हात मारला. आपण किती चांगलं शिकवलं लोकांना, म्हणाला. नवी सेवा आल्यावर लोक आपसूक शिस्त लावून घेतात, असं त्यानं चाचांना समजावून सांगितलं. मीही मान हलवली. वेळ पुढंमागं का, याचं कारण मी ब्रॉडबँडच्या माथी मारलं. आमची इतकी खात्री पटली की पुढच्या सभेत आपणच बोलावं असं त्याच्या मनात आलं.

रस्ता सुरू झाल्यावर शेठ आले. दुकानात न येता ते आधी लेआऊटमधल्या घरी गेले, असं बाबांच्या फोनवरून कळलं. बाबांना ऐकू येत नसल्यानं फोनवर ते फक्त बातमी देत आणि ठेवून देत. मी लगबगीनं घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दारात लाल मिरचीचं पोतं उभं होतं, शेठ खुर्चीत बसून पाटवड्या खात होते आणि आई समोर बसून त्यांच्या गोदामाची, मुनीमाची, मुनीमाच्या म्हशीची चौकशी करत होती. मी नव्या मशीनवर त्यांचं सगळं काम उतरवून दिल्याचं सांगितलं आणि आमची व्यवस्था कशी आहे, तिथं माणसाचा हात कसा लागत नाही, ते थोडक्यात समजावू लागलो.

शेठ मला म्हणाले, "ते मला नाही माहीत बाबू. अम्मा रोज फोन करते ना. उदबत्ती झाली, आता मशीन लावा, बोलते. मुनीम शिव्या घालतो, पण लावतो."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. सगळ्यांना करते. हमारे बाजार में सबको."

मी आईकडे बघितलं. ती शेठच्या ताटात आणखी एक पाटवडी वाढत होती.

"इथी त दिवाबी नाई लागत आता," मी म्हटलं. "डबा रिकामा हाय. तुले कसं कळते कोणाची मशीन लागली अन् कोणाची नाई?"

"मले कुठी कळते. म्हणून त सगळ्यायले कराव लागते."

"मंग काऊन करत होती?"

"अन् काय करू? तुया बापाले ऐकू नाई येत, आजूबाजूले घर नाई. संध्याकाळी बोलाव त कोणाशी? नुसती बोलाले फोन केला त लोक म्हणतीन, बाईले काई काम नाई. मशीनचं नाव घेतलं का बरं वाटते त्यायले."

शेठना यातलं किती कळलं कोण जाणे, ते खाली बघून खात होते. बाबांचा टीव्ही मोठ्यानं चालू होता. मला एकदम रडू यायला लागलं आणि रागही आला, आणि राग काढायला सोपा असतो म्हणून मी तो काढला.

"मंग मले कराचा ना फोन. मी त इथंच बाजारात असतो."

"तू कुठी गिऱ्हाईक हायेस माया," आई म्हणाली.

ती चिडून नव्हती बोलली, जे होतं तेवढंच बोलली. मग तिनं घड्याळाकडे बघितलं आणि मला जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण सात वाजून गेले होते आणि मी फोनच्या आड बसलो होतो.